धाप लागते तेव्हा



फुप्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण मोठ्या शहरातल्या इस्पितळातून गावी परततो, तेव्हा त्याच्याबरोबर कागदपत्रांची एक जाड फाईल येते, औषधांची पिशवी येते आणि पुढच्या तपासणीची तारीख येते. या तीन गोष्टी कशा सांभाळायच्या हे घरच्यांना कोणी ना कोणी समजावून सांगितलेले असते. परंतु आणखी दोन गोष्टी त्याच्याबरोबर घरी येतात आणि त्यांच्याविषयी बहुधा कोणी फारसे बोललेले नसते. एक धाप आणि दुसरी थकवा. न्हाणीपर्यंत चालत गेले तरी दम लागतो; रात्रभर पडून राहिले तरी सकाळी अंग उचलत नाही. घरातली माणसं यापुढे हात टेकतात. आज मला आपल्याशी बोलायचं आहे ते या दोहोंविषयी, आणि तेही औषधांखेरीज जे करता येतं तेवढ्याविषयी.

आरंभीच सांगून टाकतो की मी डॉक्टर नाही. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. मग या विषयाशी माझा काय संबंध, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न वाजवी आहे. संबंध असा, की धाप ही छातीतली गोष्ट तर खरीच, पण ती जाणवते मेंदूला. आणि मेंदूला काय जाणवतं, त्यात भीतीचा वाटा किती, हा आमच्या अभ्यासाचा प्रांत आहे. दुसरी गोष्ट, औषधाखेरीज म्हणजे औषधाऐवजी नव्हे. मी जे सांगणार आहे त्याने गाठ विरघळत नाही. ती विरघळवून देतो म्हणणारा कोणी दारात आलाच, तर त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावं.

आता धाप म्हणजे काय ते पाहू. कोविडच्या साथीपासून, म्हणजे 2020 पासून, बोटाला चिमट्यासारखं लावून रक्तातला प्राणवायू मोजणारं छोटं यंत्र पुष्कळ घरांत आलं आहे. रुग्णाला धाप लागते, मुलगा धावत जाऊन ते यंत्र बोटाला लावतो, आकडा दिसतो शहाण्णव. मुलगा म्हणतो, "आबा, सगळं ठीक आहे, उगाच मनाला लावून घेऊ नका." आबा गप्प बसतात, पण त्यांचा जीव घाबरा झालेला असतोच. यात यंत्रही खोटं नाही आणि आबाही खोटे नाहीत. यंत्र रक्तातला प्राणवायू मोजतं. धाप मोजत नाही. मेंदू सतत म्हणत असतो, एवढी हवा हवी. छातीचे स्नायू आणि फुप्फुसं ती पुरवू पाहतात. गाठीमुळे श्वासनळी दबलेली असेल, छातीत पाणी साचलं असेल, स्नायू झिजले असतील, तर मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसत नाही. हा मेळ न बसणं म्हणजेच धाप. आकडा चांगला असूनही ती लागू शकते. म्हणून "धाप किती आहे?" याचं उत्तर रुग्णालाच विचारावं, यंत्राला नव्हे.

आणि इथेच भीती शिरते. आपल्या भाषेत श्वास आणि जीव हे शब्द किती जवळ राहतात पाहा. श्वास अडला की आपण 'जीव गुदमरला' म्हणतो. माणसाला वाटतं, झालं, आता संपलं. भ्यालेला माणूस भराभर, वरवर श्वास घेऊ लागतो, मान, खांदे ताठ होतात, ताठ झालेले स्नायू लवकर थकतात, धाप वाढते, आणि वाढलेली धाप भीतीला म्हणते, बघ, मी सांगत नव्हते! इंग्लंडमधील केंब्रिज येथे धापेच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या मंडळींनी याची तीन चाकं मांडली आहेत. एक श्वासाचं, दुसरं विचारांचं, तिसरं हालचालीचं. तिसरं असं, की धाप लागते म्हणून माणूस हिंडणं-फिरणं सोडतो, बसून बसून स्नायू झिजतात आणि मग पहिल्यापेक्षा कमी श्रमात धाप लागते. हे चाक सर्वांत सावकाश फिरतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण तिन्हींपैकी कुठल्याही एका चाकाला खीळ घातली तरी बाकीच्यांचा वेग कमी होतो. औषध नसताना घरच्या माणसाच्या हातात जे आहे ते हेच.

याला पुरावा काय? 1999 साली ब्रिटनमधील सहा इस्पितळांनी मिळून केलेल्या एका प्रयोगाचा वृत्तान्त तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या कर्करोगाचे आणि फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचे मिळून 119 रुग्ण त्यात होते. सर्वांना धाप लागत होती. निम्म्यांना नेहमीची शुश्रूषा मिळाली. उरलेल्यांना परिचारिकांच्या दवाखान्यात बोलावलं. तिथे परिचारिकेनं काय केलं? धाप कशी लागते, कधी लागते, त्या वेळी मनात काय येतं, हे नीट ऐकून घेतलं. श्वास आवरण्याच्या रीती शिकवल्या, अंग सैल सोडायला शिकवलं, कामं कशी वाटून करावी ते सांगितलं. आठ आठवड्यांनी पाहिलं तेव्हा या रुग्णांची धाप, उदासी आणि हिंडण्या-फिरण्याची ताकद या बाबतींत दुसऱ्या गटापेक्षा बरी स्थिती आढळली. आजारच असा की बरेच रुग्ण आठ आठवडे पुरे करू शकले नाहीत, हेही सांगायला हवं. तरीसुद्धा मला त्या प्रयोगाचं मोल वाटतं ते अशासाठी, की त्यातली एकही गोष्ट आपल्या घरी होणार नाही अशी नाही.

चला, एकेक पाहू. आधी पंखा. हसू नका. केंब्रिजमध्येच 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, हातात धरण्याच्या छोट्या पंख्याचा वारा पाच मिनिटं चेहऱ्यावर घेतला तर धाप कमी होते, आणि तोच वारा पायावर घेतला तर तितकी होत नाही, असं दिसून आलं. म्हणजे नुसत्या मनाच्या समजुतीचा हा भाग नव्हे. गाल, नाक, वरचा ओठ या भागात एका मोठ्या मज्जातंतूची टोकं पसरलेली असतात. त्यांना गार हवा लागली की मेंदूची हवेची हाक थोडी मंदावते, असं मानतात. छताचा पंखा याला फारसा उपयोगी नाही. वारा समोरून, नाकाच्या आणि गालांच्या दिशेनं यायला हवा. बाजारात विजेरीवर चालणारे हातपंखे मिळतात, ते वीतभर अंतरावर धरावेत. न मिळाले तर आपला ताडाच्या पानाचा पंखा आहेच. वाऱ्यासाठी खिडकी उघडावी, ओल्या फडक्यानं तोंड पुसावं. मात्र विजेरीचा पंखा असेल तर तो रुग्णाच्याच हातात द्यावा. धाप आली की मला काही करता येतं, ही जाणीव त्या पंख्याच्या वाऱ्याइतकीच गुणकारी आहे, असं माझं मत आहे.

पंख्याच्या मागोमाग प्राणवायूच्या सिलिंडरचा विषय येतो, कारण घरोघर पहिला विचार त्याचाच होतो. सिलिंडर भाड्यानं आणतात, त्यासाठी कर्ज काढतात, कोणी दारचं जनावर विकतात. 2010 सालीच ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि ब्रिटन या तीन देशांतल्या 239 रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्यांना बरेच दिवसांची धाप होती, पण रक्तातला प्राणवायू फारसा उतरलेला नव्हता. काहींना नळीतून प्राणवायू दिला, काहींना तशाच नळीतून साधी हवा. कोणाला काय मिळतंय हे कोणालाच सांगितलं नव्हतं. दोन्ही गटांना थोडा आराम पडला आणि प्राणवायूवाल्यांना अधिक पडला असं काही दिसलं नाही. याचा अर्थ नीट घ्या हं. रक्तात प्राणवायू खरोखरच कमी असेल तर सिलिंडर लागतोच आणि ते डॉक्टर तपासून सांगतील. मनानं तो बंद करू नये. पण प्राणवायू पुरेसा असताना, केवळ 'आपण काहीच करत नाही असं नको' म्हणून कर्ज काढू नये. आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं, यांना याची गरज आहे का?

आता बसण्याविषयी. धाप लागलेल्या माणसाला आपण काय करतो, तर उताणं निजवतो. खरं म्हणजे त्या वेळी त्याला बसवायला हवं. खाटेच्या कडेला बसवावं, पाय जमिनीला टेकलेले, अंग थोडं पुढे झुकलेलं आणि कोपरं मांड्यांवर. किंवा समोर स्टूल ठेवून त्यावर गोधडीची वळकटी किंवा दोन उशा ठेवाव्यात आणि त्यांवर हात आणि डोकं टेकू द्यावं. हातांचा भार दुसऱ्या कशावर गेला की खांद्याचे आणि मानेचे स्नायू श्वासाच्या कामाला मोकळे होतात. वाटेत दम लागला तर कठड्यावर किंवा भिंतीवर हात टेकून पुढे वाकून उभं राहावं, नाहीतर भिंतीला पाठ लावून. रात्री पाठीमागे तक्क्या किंवा गाठोडं देऊन धड उंच ठेवावं. कुशीवर झोपायचं तर कुठली कूस सोसते हे रुग्णालाच कळतं; त्याला दोन्ही करून पाहू द्यावं.

श्वास कसा घ्यावा? खरं म्हणजे, कसा सोडावा, असं विचारलं पाहिजे. धाप लागली की भोवतालचे सगळे ओरडतात, "खोल श्वास घ्या, आबा, खोल घ्या!" यासारखा वाईट सल्ला नाही. तो आधीच जिवाच्या आकांतानं श्वास ओढत असतो. त्याला म्हणावं, "सावकाश सोडा." बशीतला चहा निववताना आपण ओठांचा चंबू करून फुंकर घालतो ना, तशी हळुवार फुंकर. नाकानं सहज घ्यावा आणि चंबूतून, घेतल्यापेक्षा अधिक वेळ लावून, सोडावा. सोडताना जोर करायचा नाही, दिवा विझवायचा नाही, नुसती ज्योत हलवायची. जुनी विडी-सिगारेटची सवय असलेल्यांच्या फुप्फुसात हवा आधीच अडकून राहत असते, त्यांना याचा गुण विशेष येतो. उठताना, पायरी चढताना, लोटा उचलताना, म्हणजे जोर लागतो नेमक्या त्या क्षणी, श्वास सोडत जावा. आपण अशा वेळी श्वास कोंडून धरतो, आणि मग दम लागतो. ही रीत मात्र धाप नसताना, स्वस्थ बसून, दिवसातून दोन-तीनदा गिरवून ठेवावी. पूर येऊन ठेपल्यावर पोहायला शिकता येत नाही.

इथे कोणीतरी विचारणारच, की मग प्राणायाम का नको? प्राणायामाला माझा विरोध नाही. परंतु भस्त्रिका, कपालभाती हे जोराचे प्रकार आणि श्वास कोंडून धरणारा कुंभक, हे धाप लागणाऱ्या रुग्णाला योग्य नव्हेत. संथ श्वास आणि लांब उच्छ्वास एवढंच घ्यावं, तेही डॉक्टरांना विचारून.

घरातल्या धुराविषयी एकच वाक्य पुरे. चुलीचा धूर, उदबत्ती, धूप, डासांची कॉइल आणि पाहुण्याची विडी यांना त्या खोलीत मज्जाव करावा, मग पाहुणा कितीही मानाचा असो.

आता थकव्याकडे वळू. शेतकऱ्याला थकवा काय हे मी काय सांगणार! पण दिवसभर कुळव हाकल्यावरचा थकवा आणि हा थकवा एक नव्हेत. तो रात्रीच्या झोपेनं जातो. हा जात नाही. लोक त्याला आळस म्हणतात, 'यानं हाय खाल्ली' म्हणतात, आणि रुग्णाला ते फार लागतं. प्रथम डॉक्टरांकडून एवढं पाहून घ्यावं की रक्त कमी झालेलं नाही ना, थायरॉइडमध्ये काही बिघाड नाही ना, कुठे जंतुसंसर्ग नाही ना, झोप आणि जेवण कितपत आहे, मन फार खचलेलं नाही ना. यांपैकी काही निघालं तर त्याला उपचार आहेत. ते झाल्यावर उरतो तो थकवा, आणि त्याला दोन उपाय. ऐकताना ते एकमेकांविरुद्ध वाटतात: शक्ती जपून खर्च करा, आणि रोज चाला.

पहिला उपाय. ज्याच्याकडे बी-बियाणं मोजकंच उरलं आहे तो काय करतो? कुठल्या वावरात पेरायचं ते आधी ठरवतो. तसंच. दिवसाची ताकद मोजकी आहे, तर ती कशावर खर्चायची हे रुग्णानं ठरवावं. आंघोळ स्टुलावर बसून करावी, अंग पुसण्याच्या श्रमाऐवजी मोठा पंचा पांघरून बसावं, कपडे बसून घालावेत, पाणी, चष्मा, औषधं हाताशी ठेवावीत. दोन कामांच्या मध्ये, दम लागण्याआधीच, विसावा घ्यावा. आणि वाचलेली ताकद आवडीच्या कामाला द्यावी. हे शेवटचं घरची माणसं हमखास विसरतात. माझे एक मामा निवृत्त शिक्षक होते. त्यांना हा आजार झाला तेव्हा मामींनी मायेपोटी त्यांच्या हातची सगळी कामं काढून घेतली. परसातल्या वेलींना पाणी घालणं हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम, तेही मुलांनी घेतलं. मामा दिवसभर आढ्याकडे बघत पडून राहू लागले. पुढे तिथल्या परिचारिकेच्या सांगण्यावरून परसात एक स्टूल ठेवलं, बादली कोणीतरी भरून ठेवायचं, आणि मामा बसल्या बसल्या लहान तांब्यानं पाणी घालायचे. चार वेलींना अर्धा तास लागे. आंघोळ एक दिवसाआड केली, पण हे काम चुकवलं नाही. ते गेले त्याच्या आधीच्या आठवड्यापर्यंत.

दुसरा उपाय चालण्याचा. 2017 साली अमेरिकन संशोधकांनी कर्करोगातल्या थकव्यावरचे 113 अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत अकरा हजारांहून अधिक रुग्ण होते. व्यायाम आणि मनाला आधार देणारे उपचार हे दोन्ही, थकव्यावरच्या औषधांपेक्षा सरस ठरले. त्यांत स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पुष्कळ होत्या, म्हणून फुप्फुसाच्या रुग्णाला तोच माप लावू नये; त्यानं अधिक सावकाश जावं. पहिल्या आठवड्यात खाटेपासून अंगणापर्यंत, जमलं तर पुढे पारापर्यंत. वाटेत बसायला जागा हवी. चालता चालता दोन शब्द बोलता आले पाहिजेत; बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला. थोडीशी धाप लागली तर घाबरू नये, थांबल्यावर काही मिनिटांत ती बसते. ती बसते हे अनुभवानं कळणं हाच विचारांच्या चाकावरचा उतारा. अगदीच चालवत नसेल तर बसून पाय उचलावेत, पावलं हलवावीत. ताप, चक्कर असेल त्या दिवशी चालणं नको, आणि आजार हाडांत उतरलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

आता भोवतालच्या माणसांविषयी. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हे कर्तव्य समजतात आणि ते चांगलंच आहे. पण दहा माणसं खाटेभोवती उभी राहिली की रुग्णाला हवा नाही आणि बोलण्याला उसंत नाही. एका वेळी दोघांनी यावं, पाच-दहा मिनिटं बसावं, प्रश्न थोडे विचारावेत आणि उत्तर हो-नाहीत देता येईल असे विचारावेत. धाप आलेली असताना एकानंच जवळ बसावं, खाली, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, पाठीवर किंवा हातावर हात ठेवून, आणि स्वतः सावकाश श्वास सोडत राहावं. धाप श्वासासारखीच संसर्गजन्य असते, आणि शांतपणाही.

याहून अवघड गोष्ट रात्रीची. पुष्कळ रुग्णांच्या मनात एक भीती असते, 'मी झोपेत गुदमरून जाईन.' ती ते बोलत नाहीत, कारण आजाराचं नावच घरात कोणी काढत नाही. सगळे एकमेकांना सांभाळून घेतात आणि रुग्ण एकटा पडतो. कोणीतरी धीर करून विचारावं, "रात्री कशाची भीती वाटते?" आणि मग डॉक्टरांशी ते बोलावं. अखेरच्या काळातली धापही औषधांनी पुष्कळ सुसह्य करता येते. या आधाराच्या उपचाराला परिहारक सेवा म्हणतात. अमेरिकेत बोस्टनला फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवर अभ्यास झाला, तो 2010 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना ही सेवा नेहमीच्या उपचारांबरोबर आरंभापासून मिळाली त्यांचे दिवस अधिक चांगले गेले, उदासी कमी राहिली, आणि ते सरासरीनं अधिक जगलेदेखील. म्हणजे ही सेवा 'आता काही उरलं नाही' म्हणून घेण्याची गोष्ट नव्हे. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला 1986 साली शांती आवेदना हे असं पहिलं आश्रयस्थान निघालं, पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचं केंद्र आहे. केरळात कोझिकोडला 1993 मध्ये सुरू झालेलं काम तर पुढे गावकऱ्यांनीच हाती घेतलं. तिथे शेजारची सामान्य माणसं शिकून घेऊन रुग्णाच्या घरी जातात. आपल्या गावातल्या शिक्षकांनी हे मनावर घ्यावं असं मला वाटतं. रुग्णाची सून किंवा बायको रात्रंदिवस जागते, तिला आठवड्यातून एक दुपार सुटी मिळाली तरी घर सावरतं.

शिक्षकांना आणखी एक काम सांगतो, ते आजच होण्यासारखं आहे. धाप आली की घरात कोणालाच काही आठवत नाही. म्हणून एका मोठ्या कागदावर ठळक अक्षरांत चार ओळी लिहून द्याव्यात: पुढे झुकून बसा, पंखा चेहऱ्यावर घ्या, चंबू करून सावकाश सोडा, ही धाप आधीही आली होती आणि बसली होती. डॉक्टरांनी धापेसाठी काही औषध लिहून दिलं असेल तर त्याचं नाव पाचव्या ओळीत. कागद खाटेसमोरच्या भिंतीवर, पडल्या पडल्या दिसेल इतक्या उंचीवर लावावा. दुसऱ्या कागदावर घरच्यांसाठी लिहावं, की एकाएकी आलेली आणि नेहमीच्या उपायांनी न बसणारी धाप, छातीत जोराची कळ, थुंकीतून रक्त, ओठ निळे पडणं, एकाच पायाला आलेली सूज, चेहरा आणि मान सुजणं, ताप, किंवा बोलण्यात भ्रम, यांपैकी काहीही दिसलं तर पंखा आणि फुंकर यांवर वेळ न घालवता डॉक्टरांना कळवावं. त्याच्या खाली डॉक्टरांचा नंबर आणि रुग्णवाहिकेचा 108.